परवाची रील, आजचं पाणी

हे प्रकरण एका विद्यार्थिनीचं आणि तिच्या इन्स्टाग्रामवरच्या पानाचं आहे. पुराच्या दिवसांत तिनं टाकलेला प्रत्येक आकडा टाकला त्या घटकेला बरोबर होता. तरीही त्यातल्या एका आकड्यावर विसंबून तिच्याच भावकीतल्या एका घरानं जनावरं हलवायला उशीर केला आणि रात्री कमरेएवढ्या पाण्यातून म्हशी काढायची वेळ आली. समाजमाध्यमांबद्दल आपण वर्गात जे शिकवतो ते बहुतेक सगळं खरं काय आणि खोटं काय, याच प्रश्नाभोवती फिरतं. इथं खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यासाठीच हे प्रकरण सविस्तर मांडावंसं वाटलं.

मी कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवते. ही मुलगी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिचा क्षेत्र प्रकल्प माझ्याकडे होता. हे लिहायला तिची परवानगी आहे, मजकूर तिनं वाचलेला आहे. तिचं नाव, गावाचं आणि पानाचं नाव, नेमकं वर्ष मात्र मुद्दाम दिलेलं नाही. करवीर तालुक्यातलं, पंचगंगेच्या काठचं, २०१९ आणि २०२१ या दोन्ही पुरांत पाण्याखाली गेलेलं गाव, एवढं पुरे.

पानाआधीची वही

तिच्या पानावर सुरुवातीला कोल्हापुरातल्या कुठल्याही पानावर असतं तेच होतं. मिसळीचा कट, रंकाळ्यावरची संध्याकाळ, महाद्वार रोडची दिवाळीतली गर्दी आणि भरपूर फुटबॉल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की सामना संपायच्या आत दोन्हीकडच्या पोरांचे स्टेटस लागलेले असतात. ती स्वतः कॅमेऱ्यासमोर फारशी येत नसे. तिचा सगळा जीव लोक काय टाकतात, कधी टाकतात आणि का टाकतात यात गुंतलेला.

त्यासाठी तिनं एक वही घातली होती. ‘विषय हार्ड’ कुठल्या तालमीच्या पोरांनी कशाखाली लिहिलं, सामन्याच्या समालोचनातलं एखादं वाक्य काही आठवड्यांनी लग्नाच्या फलकावर कसं आलं, एकच गाणं आधी बैलाच्या रीलला, मग बुलेटच्या आणि शेवटी साखरपुड्याच्या रीलला कसं लागलं, अशा नोंदी. पहिल्याच भेटीत तिनं मला विचारलं होतं, “मॅडम, स्टेटस चोवीस तासांत जातंय. मग माणसं एवढा जीव लावून कशाला टाकतात?” प्रकल्पाला विषय मिळाला तो तिथंच.

ही नुसती हौस नव्हती, हेही सांगायला हवं. ७ जून २०२३ रोजी काही आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापुरात बंद पुकारला गेला, जमाव रस्त्यावर आला, लाठीमार झाला आणि शहरातलं इंटरनेट बंद करावं लागलं. तेव्हा ती शाळा संपवून कॉलेजात नुकतीच आली होती. चोवीस तासांत आपोआप पुसल्या जाणाऱ्या एका चित्रानं अख्खं शहर थांबतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं. आमच्याकडे मोबाइलमधली आवड म्हणजे वेळ घालवणं, असं घरचे धरून चालतात आणि बरेच शिक्षकही. त्या वहीच्या नोंदी वाचल्यावर मला तरी तसं म्हणता आलं नाही. पन्नास पानी प्रबंधात सापडत नाही इतकं निरीक्षण त्यात होतं.

पाणी किती झालं?

कोल्हापूरबाहेरच्या वाचकासाठी थोडं नदीबद्दल. कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावती या नद्या, आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती, प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतात आणि पुढं तिला पंचगंगा म्हणतात. शहराला वळसा घालून ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरून पुढं जाते. पाणीपातळी मोजली जाते ती या बंधाऱ्यावर. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये जिल्ह्यातला कुठलाही माणूस कुठल्याही माणसाला भेटला की पहिला प्रश्न ठरलेला: पाणी किती झालं? त्या आकड्याचा प्रत्येक गावात वेगळा अर्थ असतो. बंधाऱ्यावर इतके फूट झाले की आपल्या ओढ्याच्या मोरीवर पाणी येतं, आणखी इतके झाले की खालच्या आळीतली घरं रिकामी करायची, हे हिशेब म्हाताऱ्यांना तोंडपाठ असतात. शहरातही जामदार क्लबपर्यंत पाणी आलं का, सुतारवाड्यात शिरलं का, व्हीनस कॉर्नरला आलं का, अशा ठिकाणांनी पूर मोजतात.

पाणी बघायला जाणं हाही कोल्हापूरकरांचा जुना रिवाज. नदी पात्राबाहेर पडली की सहकुटुंब शिवाजी पुलावर आणि घाटावर गर्दी होते. त्या वर्षी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ही मुलगीही सकाळी घाटावर गेली. देवळांचे पायथे पाण्यात होते, पाऊस झड लावून पडत होता. तिनं छोटी रील केली. चित्र घाटाचं, वर पावसाचं गाणं आणि अक्षरं अशी: ‘पंचगंगा पात्राबाहेर! राजाराम बंधारा ३८ फूट. अजून इशारा पातळीच्या खाली हाय, घाबरू नका.’ आकडा तिनं प्रशासनाच्या सकाळच्या अहवालातून घेतला होता. आकडा बरोबर, जागा बरोबर, सूर धीर देणारा. मला विचारलं असतं तर मीही हेच टाक म्हटलं असतं.

रील चालली. तिच्या पानावरचं आजवरचं काहीही एवढं चाललं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाणी ४३ फुटांच्या वर होतं.

मळ्यातलं घर

तिच्या वडिलांचे चुलते, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, गावठाणात राहत नाहीत. त्यांची वस्ती मळ्यात, नदीच्या बाजूला. ग्रामपंचायतीचा भोंगा तिथवर ऐकू जात नाही, पावसाच्या आवाजात तर नाहीच. वीज आदल्या दिवशीच गेली होती. मुलगा पुण्याला कंपनीत कामाला. त्या मुलाला तिसऱ्या दिवशी दुपारी पुण्यात ती रील दिसली. गावाकडचं पाणी, त्यात आपल्याच नात्यातल्या पोरीचं पान. त्यानं ती व्हॉट्सॲपवर वडिलांकडे पाठवली आणि खाली लिहिलं, ‘आबा, अजून इशाऱ्याच्या खाली हाय. उगं पावसात धावपळ करू नका, सकाळी बघा.’

आबांनी पोराचा निरोप पाहिला, त्यावरची वेळ पाहिली. दुपारी तीनची. म्हणजे दुपारी तीनला ३८ फूट. त्यांच्या हिशेबानं ३८ म्हणजे गोठ्यापर्यंत यायला पाण्याला अजून एक दिवस तरी हवा. हिशेब चुकीचा नव्हताच. शेजाऱ्यांनी जनावरं हलवली तेव्हा हे ‘सकाळी बघू’ म्हणाले. रात्री गोठ्यात पाणी आलं. गावातल्या मंडळाची पोरं दोर आणि बॅटऱ्या घेऊन गेली, म्हशी निघाल्या, माणसं निघाली. वैरण आणि विहिरीवरची मोटर गेली.

दुसऱ्या दिवशी गावच्या उंचावरच्या शाळेत, जिथं कुटुंबं हलवली होती, तिथं ती आबांना भेटली. ते संभाषण तिनं वहीत लिहून ठेवलंय.

“तुझ्या मोबाइलात तर इशाऱ्याच्या खाली हाय म्हणालतीस की गं.”

“आबा, ती रील परवाची हाय.”

“मग आज कशापायी दाखवाय लागलंय?”

माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वात नेमका प्रश्न हाच आहे, आणि तो कधीही इन्स्टाग्राम न वापरणाऱ्या शेतकऱ्यानं विचारला. पोरगी दोन दिवस कॉलेजला आली नाही. आली तेव्हा म्हणाली, “मॅडम, मी खोटं काय टाकलेलंच नाही. मग झालं काय हे?” आम्ही प्रकल्पाचा विषय बदलला नाही, फक्त स्टेटसच्या जागी ही एक रील धरली आणि ती कुठून कुठं गेली ते शोधायला बसलो.

रील उशिरा का पोहोचते

इन्स्टाग्राममध्ये पूर्वी जे आधी टाकलं ते खाली आणि जे नंतर टाकलं ते वर, असा साधा क्रम होता. २०१६ मध्ये कंपनीनं तो बदलला आणि कुणाला काय आवडेल याच्या अंदाजानं क्रम लावायला सुरुवात केली. रील्स भारतात आल्या जुलै २०२० मध्ये, २९ जूनला टिकटॉकवर बंदी आल्यानंतर काही दिवसांतच. त्यांचा मुख्य भरच मुळी आपण ज्यांना फॉलो करत नाही अशांचे व्हिडिओ दाखवण्यावर. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी जाहीरपणे सांगितलेलं आहे की व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो, किती जण लाइक करतात आणि किती जण दुसऱ्याला पाठवतात, या गोष्टींना क्रमवारीत मोठं वजन असतं.

आता हे पुराला लावून पाहा. रील आधी थोड्या लोकांना दाखवली जाते. त्यांनी पाहिली, पाठवली, तर आणखी लोकांना. याला वेळ लागतो. म्हणजे रील जितकी चांगली, तितकी ती शिळी होऊन जास्त लोकांपर्यंत जाते. तिच्या पानाच्या आकडेवारीत हे स्वच्छ दिसत होतं. रील सर्वात जास्त पाहिली गेली ती टाकली त्या दिवशी नव्हे, तर पाणी धोका पातळीच्या वर गेल्यावर. आणि साहजिकच होतं ते: नदीची काळजी वाढली तशी नदीची रील पाहणारेही वाढले. पाहणाऱ्यांत तिला फॉलो न करणारेच अधिक, आणि शहरांच्या यादीत कोल्हापूरच्या बरोबरीनं पुणे आणि मुंबई. पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली, गावाकडं आई-बाप ठेवून आलेली माणसं. त्यांच्याच बोटांनी ती रील पुन्हा नदीकाठी आली.

हे पुणे-मुंबईचं वळण माझ्या लक्षात आधी आलं नसतं. आपल्याला वाटतं, गावातली बातमी गावातून बाहेर जाते. इथं ती बाहेर जाऊन, दोन दिवस फिरून, पोराच्या मायेचं वजन घेऊन परत आली. आबांनी एखाद्या अनोळखी पानावर विश्वास ठेवला नसता. पोराच्या निरोपावर ठेवला.

दुसरी गोष्ट व्हॉट्सॲपची. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असंही ठरलं. अशा संदेशावर दुहेरी बाण दिसतो. म्हणजे तो किती हातांतून आला याची थोडी खूण मिळते. तो जन्मला कधी, याची काहीच मिळत नाही. उलट पुढं पाठवलेल्या प्रत्येक संदेशावर पाठवल्याची ताजी वेळ बसते. परवाच्या आकड्यावर आज दुपारी तीनचा शिक्का पडतो तो असा. आबांनी वेळ पाहिली होती, हे मला पुन्हा सांगावंसं वाटतं. म्हाताऱ्या माणसांना मोबाइल कळत नाही, असं म्हणून हे प्रकरण मिटवता येणार नाही. जी तपासणी करायला आपण सांगतो ती त्यांनी केली होती.

वर्गात हे मांडलं तेव्हा एका विद्यार्थ्यानं कायद्याचा मुद्दा काढला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार आपत्तीबद्दल खोटा इशारा देऊन किंवा पसरवून घबराट निर्माण केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. ही मुलगी त्यात बसते का? बसत नाही. तिचा मजकूर खोटा नव्हता आणि त्यानं घबराट झाली नव्हती, भलताच धीर आला होता. कायदा, शाळेतले धडे, बातम्या पडताळणारे गट, सगळ्यांनी लक्ष ठेवलंय ते खोट्यावर. खरं असूनही ज्याची वेळ टळलीय, त्यासाठी आपल्याकडे नियम तर नाहीच, सवयही नाही.

मास्क आणि भिंतीवरची रेघ

त्याच आठवड्यात जुन्या पुरांचे व्हिडिओही दरवर्षीप्रमाणे फिरत होते. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलंय, ट्रकांच्या रांगा लागल्यात, असा एक तिच्या गावच्या ग्रुपवर आला. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बेंगळुरू महामार्ग तिथं खरोखरच बंद पडला होता, त्यामुळे पाहणाऱ्याला शंका येत नाही. तिनं तो थांबवून थांबवून पाहिला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘ह्यात निम्म्या माणसांच्या तोंडाला मास्क हाय. हे २०२१ चं हाय.’ करोनाच्या काळातला पूर होता तो. मला हे फार आवडलं. दोन वर्षं लोकांच्या स्टेटसमधला तपशील टिपत बसलेल्या नजरेला ते दिसलं. पडताळणीची साधनं आम्ही शिकवतो, एखादं चित्र इंटरनेटवर आधी कुठं आलं होतं ते शोधायला सांगतो. पण आपल्या गावाचं रूप कुठल्या साली कसं होतं हे ओळखणारी नजर त्याहून लवकर कामाला येते. त्यानंतर ती दुकानांचे फलक, भिंतींवरच्या जाहिराती, निवडणुकीची पत्रकं पाहून वर्ष सांगू लागली. चुकायचीही. पण पोरं तिला व्हिडिओ पाठवून विचारू लागली.

प्रकल्पासाठी ती गावातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत होती, तेव्हा एका आजीनं तिला घराच्या भिंतीवरच्या रेघा दाखवल्या. पाणी जिथवर आलं तिथं रंगानं ओढलेली रेघ आणि शेजारी साल. २००५, २०१९, २०२१. नदीकाठच्या पुष्कळ घरांत, देवळांत अशा खुणा आहेत. साल न लिहिलेली रेघ कुणी ओढत नाही, कारण नुसत्या रेघेचा उपयोग काय? तिनं त्या भिंतीचा फोटो माझ्याकडे पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या पानाचं रूप बदललं.

तिनं काय बदललं

पहिला निर्णय मोठा होता. पाणीपातळीची रील करायची नाही. आकडा टाकायचा तो फक्त स्टोरीत, जी चोवीस तासांनी जाते. पण दोनच दिवसांत लक्षात आलं की पुराच्या दिवसांत चोवीस तासही फार होतात. वरच्या राधानगरी धरणाचे दरवाजे रात्री उघडले तर सकाळची स्टोरी दुपारीच निरुपयोगी. मग तिनं आकड्याशेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत वार, तारीख, वेळ लिहायला सुरुवात केली. खालच्या कोपऱ्यात नव्हे, चित्राच्या मधोमध, म्हणजे कुणी कापून घेतलं तरी वेळ कापली जाऊ नये. त्याखाली एक ओळ: ‘संध्याकाळी सहानंतर हा आकडा धरू नका. नवीन विचारा.’ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक. पुढचा अहवाल आला की आधीची स्टोरी ती स्वतः काढून टाकायची. आता कुणी ते चित्र पुढं पाठवलं, तर व्हॉट्सॲपनं कुठलाही शिक्का मारू दे, चित्राच्या पोटात त्याची वेळ होती.

रील तिनं सोडल्या नाहीत. ज्या गोष्टी चार दिवसांनी पाहिल्या तरी बिघडत नाहीत त्यांच्या रील केल्या. ३९ आणि ४३ म्हणजे काय. राजाराम बंधारा कुठं आहे, आणि तिथला आकडा आपल्या गावाला कसा लावायचा. राधानगरीच्या सात स्वयंचलित दरवाज्यांवरची तर फारच चांगली झाली. हे दरवाजे कुणी उघडत नाही, धरण भरून पाणी ठरलेल्या पातळीला आलं की ते आपोआप उघडतात, आणि पातळी उतरली की बंद होतात. एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर. दरवाजा उघडला म्हणजे धरणाला धोका, असं लोकांना वाटतं, आणि दरवर्षी ‘धरण फुटलं’ची आवई उठते ती त्यातूनच. शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेल्या धरणाचं हे यंत्र किती शहाणं आहे, हे तिनं दीड मिनिटात सांगितलं. तिच्या आत्याच्या घरी शिरोळ तालुक्यात गेल्यावर नृसिंहवाडीच्या दक्षिणद्वार सोहळ्यावरही एक केली. कृष्णेचं पाणी चढत मंदिरात येतं, दत्तपादुकांवरून दक्षिणेकडच्या दारानं बाहेर पडतं आणि भाविक त्यात स्नान करतात. बाहेरच्या माणसाला तेच चित्र देऊळ बुडाल्याचं वाटतं. ही रील तिनं मुद्दाम ‘दरवर्षी पाणी चढलं की असं होतं’ या वाक्यानं सुरू केली, म्हणजे कुणी ती आजची आपत्ती म्हणून फिरवू नये.

याची किंमत तिनं मोजली. स्टोरी फॉलो करणाऱ्यांपलीकडं सहसा जात नाही. तो एक आठवडा वर गेलेले आकडे खाली आले. मैत्रिणी म्हणाल्या, “एवढं चालायलंय तर बंद कशाला करायलीस?” शहरातल्या एका हॉटेलानं जाहिरातीसाठी विचारलं होतं, त्यांनी नंतर फोन केला नाही. वीस वर्षांच्या मुलीला हे लागतं, आणि ते लागणं क्षुल्लक आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या पिढीनं वर्तमानपत्रात नाव छापून आलेलं कात्रण जपून ठेवलं होतंच की. तिनं माझ्याजवळ एकदाच तक्रार केली आणि म्हणाली, “जाऊ दे मॅडम, फुटबॉलच्या सीझनला परत येतील.”

पुसायचं की ठेवायचं

मूळ रीलचं काय करायचं, यावर वर्गात बरंच भांडण झालं. तिनं ती काढून टाकावी, असं बहुतेकांचं मत. एका मुलाचं म्हणणं उलट होतं. पुराचा तो दिवस कसा होता याचा ती रील पुरावा आहे; सगळ्यांनी आपापलं पुसलं तर दहा वर्षांनी या पुराची आठवण कुणाकडं असेल? भिंतीवरच्या रेघा आपण पुसतो का? मुद्दा बिनतोड होता. दुसरी एक मुलगी म्हणाली की रेघ हलत नाही, रील हलते, म्हणून दोन्हींना एक नियम लावू नये. मी दोघांच्याही बाजूनं आहे, आणि याला एकच उत्तर आहे असं मला वाटत नाही. शेवटी तिनं रील पानावरून संग्रहात हलवली, जिथं ती फक्त तिलाच दिसते, आणि मूळ व्हिडिओ तारीख-वेळेसह महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला दिला. आता आम्ही पुराच्या दिवसांतले विद्यार्थ्यांचे व्हिडिओ तिथं जमवायला सुरुवात केली आहे. अट एकच, कुठं आणि कधी काढला हे लिहून द्यायचं. मोबाइलमधल्या मूळ फाइलमध्ये तारीख असते, पण व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीत ती टिकत नाही, त्यामुळे फाइल थेट फोनमधून घ्यावी लागते. हे काम किचकट आहे, करायलाच हवं असं आहे.

प्रकल्पाला तिला चांगले गुण मिळाले. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, हे समाजशास्त्र कसं? ती म्हणाली, “आकडा नदीचा हाय सर, पण त्याच्यावर विश्वास ठेवला तो पोराच्या शब्दावर. नातं कुठनं कुठं गेलं ते मी बघितलंय.” त्यापुढं त्यांनी काही विचारलं नाही.

रेंज गेल्यावर

एक गोष्ट तिच्या पानानं सुटण्यासारखी नव्हती, आणि ती तिला आबांच्या घरानंच दाखवली. पाणी खरोखर वाढतं तेव्हा वीज जाते, फोन उतरतात, मोठ्या पुरात टॉवरही बंद पडतात. आकड्याची सर्वात जास्त गरज असते नेमकी तेव्हा. शिवाय नदीकडच्या वस्त्यांवर कुठल्या घरात माणसाकडं कसला फोन आहे, हे कुठल्याच आकडेवारीत दिसत नाही.

म्हणून या उन्हाळ्यात ती मंडळाच्या पोरांना घेऊन मळ्यातल्या वस्त्यांवर घरोघर फिरली. कागदावर यादी केली. घर कुणाचं, माणसं किती, जनावरं किती, पुण्या-मुंबईला कोण असतं आणि त्याचा नंबर काय, घरात फोन कुणाकडं, भोंगा ऐकू येतो का. ज्या घरात फोनच नाही किंवा ऐकू कमी येणारी एकटी म्हातारी माणसं आहेत, त्यांच्यापुढं एका पोराचं नाव. पाणी ३९ फुटांवर गेलं की त्यानं स्वतः जाऊन सांगायचं. बाहेरगावी असलेल्या मुलांचा एक वेगळा ग्रुप केला, आणि त्यात एकच विनंती कायम वर पिन करून ठेवलीय: आई-वडिलांना रील पाठवू नका, फोन करून आत्ताचा आकडा सांगा. आबांच्या मुलानंच त्या ग्रुपची जबाबदारी घेतली आहे. यादीच्या तीन प्रती आहेत, एक ग्रामपंचायतीत, एक तलाठ्याकडं आणि एक शाळेच्या कपाटात. आबांच्या घरापुढं तिनं स्वतःचं नाव लिहिलंय.